दुपारच्या फोटोतले ठिपके

गंगाकाका कोयंडे विमानात कधी बसला नाही.
युद्धाच्या त्या चौदा दिवसांत तो
एका कोंदट खोलीत टेबलाशी होता,
चार पायांच्या जोडभिंगावर ओणवा.
बाकीचे टाकून यायचे.
हा टाकलेलं मोजायचा.

"दिवसाढवळ्या कशाक जायची विमानां?
रातीच्या काळोखात बरां नाय?"
मी शाळकरी, विचारलं होतं.
तो सुपारी कातरत म्हणाला,
"रातीक सावली पडता काय?
सावली नाय तर उंची कशी काढतलंस?"
चिमणीची सावली एवढी, उन्हाची वेळ अमुक,
म्हणजे चिमणी एकशे दहा फूट.
दुसऱ्या दिवशीच्या फोटोत सावलीच नाही,
म्हणजे चिमणी नाही.
धावपट्टीचंही तसंच. इतका सोपा हिशेब.

त्यानंच शिकवलं,
फोटो धरताना सावली आपल्या अंगावर यायला हवी.
उलटा धरलास तर डोळे फसतात,
खड्ड्यांच्या टेकड्या होतात,
टाक्यांच्या विहिरी.

तांबळडेगला माझा बर्फाचा कारखाना उभा राहिला,
पत्र्याचं छप्पर, अमोनियाचं यंत्र, वर पाण्याची टाकी.
नारळ काकानंच फोडला.
मग मला सड्यावर घेऊन गेला. दुपार कलती, कातळ तापलेला.
खाली खाडी, सुरूची रांग, ओढून घेतलेल्या होड्या,
आणि माझं कोरं छप्पर, लखलखीत.
"बराबर दिसता," तो म्हणाला.
आणि मग, सवयीनं, हळू आवाजात,
"आधी टाकी. मगे विजेचो खांब.
बर्फाक हात लावची गरज नाय. तो आपसून जाता."
मी हसलो. तो नाही.

तो बघत होता कारखान्याच्या पलीकडे.
पुळणीवर बायकांनी सुंगटं वाळत घातलेली,
पांढुरके चौकोन,
मध्ये चालायला वाट सोडलेली,
कडेला काळ्या रेघोट्या इकडून तिकडे.
कावळे हाकणारी पोरं होती ती.
पोरं दिसत नव्हती, सावल्या दिसत होत्या.

कातळावर बसून त्यानं पहिल्यांदा सांगितलं.
बंदराचं नाव घेतलं नाही.
सहावा दिवस. बाराला दहा कमी.
तेलाच्या टाक्या सात, पैकी जळत्या तीन,
धूर नैऋत्येला,
आणि टाक्यांच्या अंगाला, वाळूवर,
पांढरे चौकोन, एकोणीस.
तंबू? पेट्या? ताडपत्र्या?
मागे साहेब उभा, घड्याळाकडे बघत.
यानं लिहिलं, ओळख पटली नाही.
"खरां तांच लिवलंय."

आठव्या दिवसाच्या फोटोत चौकोन नव्हते.
वाळूत खड्डे होते.
ते त्यानं मोजले. अकरा.

तांबळडेगचा पोर,
ज्याच्या आईच्या हातांना जन्मभर सुंगटांचा वास.
"माका कसां कळूक नाय?"
हे त्यानं मला नाही विचारलं, कातळाला विचारलं.
आपलं खळं आपण वरून कधी पाहिलेलं नसतं,
असलं काहीतरी मी बोलणार होतो.
बरं झालं, बोललो नाही.

आता थंडीच्या दिवसांत तो रोज पुळणीवर जातो,
हातात काठी, कावळे हाकायला.
रुक्मिण सनये त्याला चहा देते.
मजुरीचं नाव काढलं तर चिडतो.
वरून विमान गेलं की पोरं माना वर करतात,
हा वाळूकडे बघतो,
ती सावली कुठवर सरकली ते.

दक्षिणेकडे तोंड करून बसू नये म्हणतात.
तो बसतो. टोपी घालत नाही.
येणाऱ्याजाणाऱ्याची सावली
आपल्या पायांवर पडेल
अशा बेतानं.