कोपरा

फोल्डरचं नाव ‘टेस्ट’.
आठ वर्षं, दोन हजार तीनशे अकरा फोटो,
आणि सगळ्यांत एकच पाटी:
इ. बा. मुल्लाणी, वजनकाटे दुरुस्ती.
खाली बारीक अक्षरांत: मापात पाप नाही.

कुबेर मगदूमच्या स्टेशनरीच्या माडीवरून
रस्त्यापलीकडं साडेबावीस फूट.
टेपनं मोजलंय. उद्यमनगरात लेथवर असतो मी,
मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

नवी लेन्स आली की पहिला मान त्या पाटीचा.
१८-५५, कंपनीनं बॉडीबरोबर गळ्यात मारलेली.
५५-२५०, दिवाळीच्या बोनसमधली.
कुबेरनं पुण्याहून जुनी आणलेली ७०-३००,
मान खाली केली की जिची नळी
आपोआप घसरायची, बेअरिंग गेलेल्या दारागत.
आणि एकदा, एका रविवारपुरती,
इचलकरंजीच्या लग्नवाल्याकडून मागून आणलेली पांढरी ७०-२००.
तिला आम्ही दिवसभर खाली ठेवलं नाही.
जेवलोसुद्धा पाळीपाळीनं.

मग कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठं करून
भांडण.
‘तुझ्या णीला जांभळी कड आलीय.’
‘तुझं पाप मऊ पडलंय बघ.’
‘एफ आठला बघ की जरा.’
‘एफ आठला काय, सगळ्याच पैलवान.
पूर्ण उघडून दाखव, मग शड्डू मार.’
सहा हजार चारशे आयएसओला अंधार कणीदार यायचा.
कुबेर म्हणायचा, वाया गेला फोटो.
मी म्हणायचो, शाहूपुरीत गूळ कणीदार असला
तर भाव चढतो. इथंच का पडतो?

खाली स्टुलावर इलाहीभाई,
पारडं कानाशी धरून बसलेले,
जणू ते काही सांगणार आहे.
एकदा मान वर करून म्हणाले,
‘ठरलं का रं तुमचं?’
‘अजून न्हाई, भाई.’
‘काटा मधी आला की माणसानं गप बसायचं असतंय.
तुम्ही सारखं बोट लावून हलवताय.’
आम्ही हसलो.
तेवढ्यात मी एक फोटो घेतला. पाटीचा.

लेन्सची परीक्षा कोपऱ्यात होते.
मध्यभागी सगळ्याच शहाण्या.
म्हणून आम्ही कोपरे बघायचो,
खालचा उजवा जास्त करून,
आणि त्या कोपऱ्यात दर वेळी आडवं यायचं
इलाहीभाईंचं कोपर.
‘भाई, वाईच सरका.’
सरकायचे.
कामाच्या नादात परत आत यायचे.

गेल्या मार्गशीर्षात पाटी उतरली.
आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात,
बोर्ड आतून पेटलेला, भडक,
त्याच्यावर कसलीही लेन्स पास होते.
चाळिसाव्यानंतर थोरला दस्तगीर माडी चढून आला.
‘अब्बांचा एखादा चांगला फोटो असंल की.
एवढं काढत होता तुम्ही.’

रात्री अडीचपर्यंत बसलो.
२५० वर कोपर.
३०० वर कोपराची घडी, ग्रीसची रेघ.
पांढऱ्या लेन्सवर त्यावरचा एकेक केस,
असा की मोजावा.
एकात दोन बोटं आणि पन्नास ग्रॅमचं वजन.
चेहरा कुठंच नाही.
चेहऱ्यावर आमची तक्रार नव्हती,
म्हणून तो आम्ही कधी आत घेतलाच नव्हता.

शेवटी, सगळ्यांत जुन्या गठ्ठ्यात,
त्या गळ्यात मारलेल्या लेन्सचा एक, अठरावर.
पाटी एवढीशी. रस्ता, एक एमएटी, उसाचा रस.
आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात
अख्खा माणूस वर बघत असलेला,
कडेला ओढला गेल्यामुळं जरा रुंद,
जरा तरुण, धुरकट,
तोंड अर्धवट उघडं: ठरलं का रं.

तेवढाच तुकडा कापून पोस्टकार्ड आकारात छापला.
दस्तगीरनं तो लांब धरला, जवळ आणला,
परत लांब.
‘हेच. असंच बघायचे,’ म्हणाला,
आणि खिशात न ठेवता
हातातच घेऊन जिना उतरला.

कुबेर बराच वेळ खिडकीशी.
मग विचारलंच त्यानं, ‘किती एफला होता रे तो?’
मी म्हणालो,
गप बस.