फर्मा, रविवारपुरता

साखर पेठेतल्या बंद शाळेत, चौथी 'ब'च्या वर्गात
आम्ही टेबल मांडून बसलो.
दारावर कागद : आपली वस्तू आणा, तिची गोष्ट सांगा.
रविवारी अकरा ते चार.
पहिल्या रविवारी एकच माणूस आला.
त्याला घरपट्टी भरायची होती.

मी हंगामी कारकून. माझ्यापुढे छापील अर्ज :
वस्तूचे नाव, काळ, माप, स्थिती.
गोष्टीसाठी तीन ओळी.

दुसऱ्या रविवारी राजेशम येमुल आले,
सायकलच्या कॅरिअरला जकार्डचे पत्ते बांधून,
दोऱ्यात ओवलेले, चारशेच्या वर, नुसती भोकंच भोकं.
माग भंगारात गेला म्हणाले,
पत्ते भंगारवाल्यानं घेतले नाहीत. पुठ्ठाच तो.
यात काय आहे, बाईंनी विचारलं.
त्यांनी डोळे मिटले, बोटं सरकवत नेली,
जपाला बसल्यासारखी.
मोर आहे.
एकशे चाळिसाव्या पत्त्याला एक भोक चुकलंय,
तिथं मान मोडते.
मग ती चादर?
पोरं निजली तिच्यात. चुकलेला माल घरीच येतो ना.
मी लिहिलं, स्थिती : चांगली.
त्यांनी अर्ज उलट्या बाजूनं वाचला, म्हणाले,
चुकलेली लिहा.

मग लोक येत गेले.
हुरमतबींनी तांब्याचं तपेलं आणलं, बिनझाकणाचं.
झाकण जावेकडं, आणि जाऊ
अठरा वर्षं बोलत नाही.
तीन ओळी संपल्या, मी मागच्या पानावर गेलो.
पुढच्या रविवारी जाऊ आली, पदराखाली झाकण घेऊन :
तिनं काय काय सांगितलं, आधी ते वाचा.
दोन्ही एकाच कपाटात आहेत आता, वीतभर अंतरानं.
झाकण आम्ही तपेल्यावर ठेवलेलं नाही.
तो आमचा अधिकार नाही.

पोशम्मा बत्तुल आली ती ऐन उन्हात,
ओच्यातून पत्र्याचा तुकडा काढला. विडीचा फर्मा.
पान याच्याभोवती कापायचं.
एक कोपरा अंगठ्यानं गोल झालेला,
एकतीस वर्षांच्या अंगठ्यानं.
बाईंनी काळी मखमल पसरली, वर दिवा लावला,
पत्रा चमकला, सगळे गप्प झालो.
पोशम्मा म्हणाली, चारला परत द्या,
उद्याची पानं कापायचीत.
आम्ही नवा देतो तुम्हाला.
नव्यानं पान वाढीव जातंय. हाताला कळत नाही ते.

तेव्हापासून दर रविवारी अकराला ती येते,
फर्मा स्वतः मखमलीवर ठेवते, जरा तिरका,
आणि चारला उचलून नेते.
सोमवार ते शनिवार तिथं काहीच नसतं,
तंबाखूचा वास तेवढा असतो.
पाटीवर काय लिहायचं यावर बैठक झाली.
बाईंचा शब्द होता : तात्पुरता अनुपलब्ध.
मी लिहिलं : कामावर गेला आहे.
कोणी खोडलं नाही.

बुधवारी शाळेची पोरं आणली.
मोर बघितला, तपेलं बघितलं, पुढं गेली.
रिकाम्या मखमलीपाशी मात्र रांग अडली.
एक मुलगी म्हणाली, आमच्या आईकडं पण आहे, आणू?
सर नाही म्हणायच्या आत ती पळाली.

आली ती धापा टाकत, मुठीत पत्रा गच्च धरून,
आणि तिच्या मागं तिची आई,
हातात कात्री, अर्धवट कापलेलं पान :
अगं भवाने, मजुरी बुडतीय माझी.
एवढं बोलून ती दारातच थांबली.
दिव्याकडं बघितलं, मखमलीकडं,
लेकीनं त्यावर ठेवलेल्या आपल्याच फर्म्याकडं.

या ना आत, मी म्हणालो.
चपला काढू का? तिनं विचारलं.
मी म्हणालो, नको, हे काही देऊळ नाही.
ती तशीच उंबऱ्यावर, एक पाय चपलेबाहेर.
अजून वाटतं, नुसतं 'या' म्हणून थांबायला हवं होतं.