पैसे एकाचेच

औलूमध्ये डिसेंबरात दुपारी दोनलाच दिवे लागतात.
टेबलावर दोन कोटेशनं, आणि हिल्काने सांगून टाकलंय:
पैसे एकाचेच आहेत.

एक अवजार पडझडीची नोंद ठेवतं.
अ‍ॅप कोसळलं की मरणाआधीचा जबाब लिहून घेतं:
कुठली ओळ, किती मेमरी, कुठला फोन, किती वाजले.
माणसाला काही विचारत नाही.
दुसरं म्हणजे कोपऱ्यात एक चौकोन,
त्यावर लिहिलेलं: काही सांगायचंय?

आम्ही रेनडिअर राखणाऱ्यांसाठी अ‍ॅप बनवतो.
कुठल्या कानाला कुठली खूण, कुणाचं पाडस,
कळप काल कुठल्या तळ्याकाठी होता.
एवढंच. वापरणारे सहाशे बारा.

ताइस्तो म्हणाला, जबाबच घेऊ.
यंत्र भिडेखातर "छान आहे" म्हणत नाही.
फुकटच्या चाचणीत पहिल्याच आठवड्यात त्याला सापडला
इनारीकडचा एक फोन.
नाव नाही, नाव कायद्याने पुसलं जातं.
एका रात्रीत एकोणीस वेळा कोसळलेला,
नकाशा उघडला की त्याच ओळीवर, दोनशे सातव्या.
एक वाजून चार मिनिटं. एक सहा. एक सात.
मग चाळीस मिनिटं काहीच नाही
(तो बर्फात चालत असावा),
मग पुन्हा. शेवटचं पहाटे पाचला.
एकोणीस वेळा त्याने अ‍ॅप पुन्हा उघडलं
आणि आम्हाला एका अक्षराने कळवलं नाही.

ती ओळ माझी होती.
दुरुस्त करायला सहा मिनिटं लागली.

मी म्हणणार होतो, ठरलं तर मग,
तेवढ्यात हिल्काने पाकीट काढलं,
कागदाचं, तिकीट लावलेलं,
उत्सयोकीच्या माग्गाचं.
"अ‍ॅप कधी बंद पडलं नाही. आभार.
बटण बारीक आहे. दर वेळी हातमोजा काढावा लागतो.
उणे तीसच्या खाली माझी दोन बोटं ऐकत नाहीत.
म्हणून हल्ली वहीत लिहिते."

ताइस्तोने तिचं खातं उघडलं.
कोसळणं शून्य. हिरवा ठिपका.
नोव्हेंबरपासून एकही पाडस नोंदलेलं नाही,
आणि आम्ही त्या ठिपक्याकडे बघून
रोज सकाळी कॉफी प्यायलो होतो.

बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात.
इकडची माणसं गहू घेऊन गप्प उभी असतात.
चौकोन ठेवला तरी भरणार कोण?
आणि तो दाबायला माग्गाला
पुन्हा हातमोजाच काढावा लागला असता.

शेवटी घेतलं पडझडीचंच.
हिल्काने अ‍ॅपच्या तळाशी ऑफिसचा पत्ता टाकला,
टपालाचा, पिनकोडसकट.
बटण आता बशीएवढं आहे.
सानेल्मा म्हणते, शोभत नाही. नाहीच शोभत.

मार्च आला. दिवस लांबलाय, खिडकीतून समुद्र दिसतो,
अजून पांढराच.
इनारीचा तो फोन तेव्हापासून गप्प आहे.
नकाशा नीट उघडतोय,
की त्यानेही एक वही घेतली,
विचारावं तर माझ्याकडे त्याचा नंबर नाही,
फक्त फोनचं मॉडेल आहे,
आणि त्या रात्री बॅटरी किती उरली होती ते:
अकरा टक्के.