मानशीचं दार

जुव्याच्या बांधावर रात्री साडेअकरा.
अमावास्या, पूर्ण भरतीला अजून दीड तास.
मोटर बसवून तीन आठवडे झाले.
फोनवरचं बटण मीच केलेलं, हिरवं, गोल,
त्यावर लिहिलेलं ‘दार बंद करा’.

फोंडू वळवईकर दाबतो. खाली उमटतं: झालं.
दार जागचं हलत नाही.

तीच आज्ञा मी माझ्या हाताने लिहिते,
लॅपटॉप गुडघ्यावर, बॅटरी एकोणीस टक्के,
आणि फळी कुरकुरत खाली येते.
परत वर घेते. पुन्हा बटण. पुन्हा झालं.
पुन्हा काही नाही.

म्हणजे आज्ञेत खोट नाही,
ती कोण देतंय त्यात आहे.
मी या यंत्राची घरची. सर्व्हर म्हणजे
ओसरीवर बसवलेला पोर:
आल्यागेल्याला पाणी देईल, निरोप घेईल,
माजघरात पाऊल टाकायची त्याला मुभा नाही.

लॉग उघडते. अकरा वेळा तीच ओळ:
पासवर्ड हवा, आणि विचारायला समोर कुणी नाही.
अकरा वेळा तो उंबऱ्याशी अडला
आणि बाहेर येऊन म्हणाला, झालं.
हे खोटं त्याला मीच शिकवलं.
आतून काय उत्तर आलं ते बघ,
असं कुठे लिहिलं होतं मी?

‘देऊन टाक ना त्याला सगळे हक्क,’ फोंडू म्हणतो.
पाणी दुसऱ्या दगडाला लागलंय.
माझं बोट जातंही तिकडे.

इनास बिडी विझवतो. एकेचाळीस वर्षं
मानस राखलीय त्याने.
‘म्हाका चावी दिल्ली ती ह्या एका दाराची.
भाताच्या कोठाराची न्हय.
हांवें मागूंकय ना.’

मग एकच ओळ:
हा पोर, ही एवढीच आज्ञा, पासवर्डाशिवाय.
जपून लिहिली, एक चिन्ह चुकलं असतं
तर मीही बाहेर, त्याच्याशेजारी ओसरीवर.
आणि त्याला सांगितलं, आता खरं सांग.

बटण.
‘आज्ञा सापडली नाही.’

मला हसू येतं. खरं बोलायला लागला.
त्याला पूर्ण पत्ता देते, मुळापासून,
कुठलं घर, कुठली खोली, कुठला खिळा.

बटण. साखळी खडखडते.
झालं, म्हणतो फोन. फोंडू टाळी देतो.

इनास मात्र टॉर्च घेऊन खाली उतरतो,
ओल्या फळीला तळहात लावून उभा राहतो,
पलीकडची खाडी ऐकत.

‘जालें,’ म्हणतो बऱ्याच वेळाने.
त्यासाठी माझ्याकडे अजून ओळ नाही.