पंच्याहत्तर

पंखा बंद करा म्हटलं. फ्रीजही.
पाथर्डी फाट्याजवळचा तिसरा मजला,
खिडकी लावली तरी हायवे
आत येऊन बसतोच कोपऱ्यात.
मीटरवर अडतीस. चालेल.

तिवई उभी केली
आहिरराव साहेबांचं डोकं जिथे टेकतं तिथे.
सोफ्याच्या कापडावर तेलाचा गोल डाग आहे,
मोजपट्टी काढावी लागली नाही.
मग चाचणीचा आवाज सोडला, एकसारखा फस्सस,
दिंडोरीकडे द्राक्षबागेत पहाटे ब्लोअर फिरतो तसा.
डावा. मधला. उजवा. मागचे दोन.
एकेकाला कान धरून पंच्याहत्तरवर आणलं,
अर्धा डेसिबल कुणाला जास्त नाही.
अशा वेळी मला जरा बरं वाटतं:
पाचही जण एका रांगेत, चपला काढून.

साहेब बसले. डोळे मिटले.
म्हणाले, डावा झोपलाय.

मीटर दाखवला.
चष्मा लावून त्यांनी आकडा वाचला, मान डोलावली,
आणि म्हणाले, बरोबर आहे. पण झोपलाय.

ओझरला एकतीस वर्षं. इंजिनं तपासायची शेड.
उभं राहायची जागा ठरलेली,
इंजिन कायम डाव्या हाताला.
कानांवर घालायला मफ मिळायचे,
पण मफ घातल्यावर बेअरिंग कुरकुरतंय
हे कळायचं कसं?
"एक बाजू उचलून ऐकायचो आम्ही.
गेज म्हणायचं सगळं ठीक,
आणि मी म्हणायचो, थांबा, उतरवा."
किती वेळा बरोबर निघालात, मी विचारलं.
"दोनदा," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं,
"पण दोनदा."

डावा वाढवत गेलो. शहात्तर. सत्त्याहत्तर.
बटण अंगठ्याखाली, नजर त्यांच्या पापण्यांवर.
ऐंशीला भुवई हलली.
एक्क्याऐंशीला म्हणाले, हां, आला.
एखादा पाहुणा उंबऱ्यावर दिसावा तसं.

मग सबवूफर.
शोकेसमध्ये निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं विमान,
चंदेरी, वीतभर, लाकडी ठोकळ्यावर.
चाळीस हर्ट्झला ते किरकिरायला लागलं,
उडायच्या बेतात.
साहेबांना पत्ता नाही.
कुमुदिनीबाई आतून हात पुसत आल्या,
काच सरकवली,
विमानाखाली रुमालाची घडी सारली
आणि सोफ्यावर त्यांच्या डाव्या अंगाला बसल्या.
तिथेही कापडावर डाग होता,
फिकट, चार बोटं खाली.
तिथे मी मीटर लावलाच नव्हता.

लावला. पंच्याऐंशी.
तुम्हाला जास्त होतोय का, मी विचारलं.
"मला काय! ह्यांच्याशी बोलताना
मी याच्याहून चढ्या आवाजात असते."
हेही त्या चढ्या आवाजातच म्हणाल्या.
साहेब हसले. ऐकू आलं असेल,
किंवा मी हसलो म्हणून.

उजवीकडे बसून पाहा ना, मी सुचवलं.
दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं
की जणू मी भिंत पाडायला सांगितली.

मेमरी एक, मीटर. मेमरी दोन, साहेब.
वहीत लिहिलं, सही घेतली, सतराशे रुपये.
तिवई दुमडून जिना उतरलो.
खाली स्कूटर सुरू केली आणि उगाच
थोडा वेळ तशीच ऐकत राहिलो,
मान या बाजूला, मग त्या बाजूला.

वर कुणीतरी खिडकी उघडली होती.
बटण दाबून पाहत होते.
एक. दोन. पुन्हा एक.
मग आवाज एका जागी थांबला,
कुठल्या, ते रस्त्यावरून कळेना.