हजेरीची वही

मानाउसमध्ये, बर्फाच्या कारखान्यावर माळा, माळ्यावर आमची मॅट.
खालून गारवा, वरून पत्रा तापलेला,
मधल्या हवेत एकमेकांना गुंडाळून पडलेली माणसं.
वही माझ्याकडे. गुडघा गेला तेव्हापासून
मी नावं लिहितो, आणि तास.

जोसिमार आला तेव्हा सतरांचा.
आई बंदरावर मासे साफ करायची,
अंगाला तोच वास.
उस्ताद तेर्सियोनं फी विचारली नाही, झाडू दाखवला.

अडीच वर्षांत जांभळा पट्टा.
(मला नऊ लागली होती.)
लोक म्हणाले, उपजतच आहे, रक्तात आहे.
मी वही उघडली.
सकाळी सहा: जोसिमार.
दुपारी बारा, कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही तेव्हा: जोसिमार.
रात्री दिवे घालवायला गेलो तर पोत्याच्या बाहुल्याशी झोंबत,
जोसिमार.
बेरीज केली. तीन हजार एकशे चाळीस तास.
माझे, नऊ वर्षांचे, दोन हजार आठशे.
म्हणजे मीच मागे होतो, कॅलेंडर उगाच मला वडीलपण देत होतं.

सुटलं म्हटलं गणित.
तेवढ्यात खालच्याच ओळीत एदिनेल्सन.
त्याच सकाळी, त्याच दुपारी, वर चारशे तास जास्तच.
अजून निळा.
जीव खाऊन भिडतो, हरत नाही सहसा,
कारण हरायच्या जागी तो जातच नाही.

जोसिमार जातो.
बसमध्ये तिकिटं फाडणारी एलेनिल्दा, पन्नाशीची, पांढऱ्या पट्ट्याची,
तिच्याखाली मुद्दाम पाठ टेकतो
(इथे पाठ लागली म्हणजे कुस्ती संपत नाही, सुरू होते),
गळा सापडू देतो, थाप मारतो,
आणि उठायच्या आधी विचारतो,
"तुझं कोपर कुठे होतं?"

याला वहीत रकाना नाही.
उस्तादाला विचारलं, हे काय म्हणायचं?
तो पायाची नखं कापत होता.
म्हणाला, "मॅट पुसली का?"

काल रात्री जोसिमार माझ्याजवळ येऊन बसला.
"गुडघा गेला त्या दिवशी
भार कुठल्या पायावर होता तुझा?"
सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरनंही.
मी वही बाजूला ठेवली, हात टेकत टेकत मॅटवर उतरलो,
दाखवलं. पुन्हा दाखवलं.
खाली बर्फाच्या लाद्या फुटत होत्या.
तो तास मी कुणाच्याच नावावर लिहिला नाही.