सात नंबरचं पाणी

मुचकुंदीच्या मुखाशी, पूर्णगडच्या खडकांवर
मार्गशीर्षात आम्ही बावीस डोळे पेरले.
डोळे म्हणायचं नाही, सर म्हणाले,
नोड म्हणा. डोळे म्हटलं की लोक बिचकतात.

तळहाताएवढा डबा, आत मुंगीएवढी चिप,
दर दहा मिनिटांनी खाडीचा खारटपणा चाखून
पुण्याला कळवणारी.
प्रयोगशाळेच्या भिंतीवर आमचं ब्रीद लावलंय:
यंत्र असं हवं, की ते आहे हेच विसरता यावं.
त्यापायी तीन वर्षं, दोन अनुदानं
आणि माझी बरीचशी पाठ.

नोड खाडीसारखेच वागायचे.
उधाणाला तरतरीत,
अष्टमीच्या भांगेला जरा सुस्त.
मग वैशाखात एके रात्री एकवीस आकडे घसरले,
बारा, दहा, नऊ,
आणि सातवा
एकतीस. एकतीस. एकतीस.
सरांचा मेसेज आला:
बाकीचे तपासा. सात स्थिर आहे, सातवर विश्वास ठेवा.

ठेवला.
अकराव्या दिवशी होडीतून उतरलो
तर सात नंबर सापडेना.
फोनवरचा नकाशा म्हणत होता,
तू त्याच्यावरच उभा आहेस.

पलीकडे रुकय्या मजगावकर कालवं काढत होत्या.
कोयतीची टकटक न थांबवता म्हणाल्या,
"तुझा डबा होय? परवा मारली की त्याला कोयती.
आत मांस नाय, म्हणून सोडला."
आणि बोटानं दाखवला
तो नुसता खडक होता.
खडकावर पाच कालवं,
त्यातलं एक थेट चाखायच्या भोकावर
बूच होऊन बसलेलं.

"वरच्या धरणानं दार उघडलंय," त्या म्हणाल्या,
"पाणी पातळ झालंय. बोट बुडवून बघ.
असं झालं की कालव मिटतं,
आपलं जुनं पाणी आत धरून बसतं.
तुझ्या डब्यानं तेच केलंनी."

म्हणजे अकरा दिवस
मी एकाच भरतीचं पाणी मोजत होतो.
अर्धा चमचा.
हजार पाचशे चौऱ्याऐंशी वेळा.

भिंतीवरचं ब्रीद आठवलं.
विसरलं गेलं होतं खरं,
माणसांनी नाही, तर कालवांनी
त्याला खडक समजून घर केलं होतं.
हे यश कुठल्या रकान्यात लिहायचं, कळेना.

रुकय्यांनी कोयतीचं टोक घातलं, मनगट वळवलं.
कालव सुटलं. खिशात फोन थरथरला:
सात, नऊ.
त्यांनी शिंपला उघडून माझ्यापुढे धरला.
"खा. तुझ्याच डब्यावरचं हाय."

खाल्लं.
जिभेवर एकतीस.

मी पाना काढला, पेटी उघडली, नवा नोड हातात घेतला.
"इथं नको," त्या म्हणाल्या,
"खालच्या अंगाला लाव.
ही वरची बाजू माझ्या नणंदेची."